दिवस भरू द्या

बाळंतपणाची गोष्ट निघाली की ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे शब्द आपल्या तोंडी आपोआप येतात. हा हिशेब डॉक्टरांच्या हिशेबाशी ताडून पाहू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस मोजून डॉक्टर अपेक्षित तारीख काढतात. म्हणजे सुमारे २८० दिवस, चाळीस आठवडे. आजीबाईचा आणि डॉक्टरांचा हिशेब अवघ्या दोन दिवसांच्या फरकानं जुळतो! असं असूनही काही घरांत दिवस पुरते भरण्याआधीच बाळाला जगात आणण्याची घाई होते. त्या घाईविषयी, आणि ती इस्पितळांनी एकत्र येऊन कशी थांबवली याविषयी आज बोलू. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. पण हा विषय डॉक्टरांवर सोडून भागणारा नाही.

शिक्षक मंडळींना एक गंमत ठाऊक असेल. शाळेच्या जुन्या दाखल्यांत कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून सापडते. मूल जन्मलं कधी हे घरात कुणी लिहून ठेवलेलं नसे. नाव घालताना गुरुजी सोयीची तारीख टाकत. तेव्हा तारीख कागदावर बदलत होती, मुलाचं त्यात काही बिघडत नव्हतं. आता तारीख आधी ठरते आणि मूल त्या तारखेला आणलं जातं. कुठे चांगला मुहूर्त असतो, कुठे नणंदेचं लग्न, कुठे नवऱ्याची रजा संपत आलेली, तर कुठे डॉक्टरच बाहेरगावी जायचे असतात. १२ डिसेंबर २०१२ ला, म्हणजे बारा-बारा-बारा या तारखेला, बाळ हवं म्हणून धडपडणाऱ्या जोडप्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. वास्तविक पत्रिका मांडायची ती बाळ जन्मलं त्या वेळेची. वेळ आधी मांडून बाळाला तीत बसवायचं, हे उलटंच नव्हे काय?

पण दोन आठवड्यांनी काय मोठं अडतं, असं कुणी विचारील. पोटात बाळाच्या फुफ्फुसांत पाणी असतं. दिवस भरत येतात तसा फुफ्फुसांच्या बारीक पिशव्यांना आतून साबणाच्या फेसासारखा एक पदार्थ पुरेसा मिळू लागतो, म्हणून श्वास सोडल्यावर त्या पिशव्या मिटून बसत नाहीत. कळा सुरू झाल्या की फुफ्फुसांतलं पाणी शोषलं जाऊ लागतं. कळांच्या आधीच शस्त्रक्रिया केली तर बाळाला धाप लागण्याचा संभव वाढतो. बाळाच्या मेंदूचं पाहा. पस्तिसाव्या आठवड्यात त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश असतं. शेवटचे आठवडे ही भरती होण्याचे असतात. शिवाय अशा बाळाला नीट ओढून दूध पिता येत नाही, त्याचं अंग लवकर गार पडतं, कावीळ होते. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्वारीचा हुरडा गोड लागतो, पण बियाण्याला तो चालत नाही.

याचा आकड्यांतला पुरावाही आहे. आधी सिझेरियन झालेल्या आणि तातडीचं कारण नसताना पुन्हा सिझेरियन झालेल्या १३,२५८ अमेरिकन बायकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ३९ व्या आठवड्यात जन्मलेल्या शंभर बाळांपैकी ८ बाळांना श्वासाचा किंवा तसाच दुसरा गंभीर त्रास झाला. ३८ व्या आठवड्यात हे प्रमाण ११ होतं आणि ३७ व्या आठवड्यात १५. तोवर ३७ आठवडे झाले की दिवस भरले असं मानण्याची रीत होती. २०१३ पासून तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी ३९ ते ४० आठवड्यांनाच ‘पूर्ण दिवस’ म्हणायचं ठरवलं.

आता उपाय कसा झाला ते पाहा. २००८ साली ओहायो राज्यातली वीस प्रसूतिगृहं एकत्र आली. कारण न नोंदवता ३६ ते ३८ आठवड्यांत ठरवून केलेल्या प्रसूतींचं प्रमाण ठरवून केलेल्या प्रसूतींत शेकडा २५ होतं. ते पाचाच्याही खाली आलं. पुढे २०११ साली पाच राज्यांतल्या पंचवीस इस्पितळांनी हेच व्रत घेतलं आणि वर्षभरात त्यांचा आकडा २७.८ वरून ४.८ वर आला. यासाठी कसलं नवं यंत्र लागलं नाही. अशा कामात रीत साधी असते. तारीख मागायला कुणी आलं की आठवडे किती आणि कारण काय, हे आधी विचारायचं. ३९ पुरे नसतील आणि मान्य कारण नसेल, तर वरिष्ठांच्या संमतीवाचून तारीख द्यायची नाही. आणि प्रत्येकानं आपला आकडा इतरांपुढे ठेवायचा.

एकत्र येण्याची गरज का, तेही उघड आहे. एका डॉक्टरानं ‘थांबा’ म्हटलं तर घरची मंडळी पलीकडच्या दवाखान्यात जातात. मग पहिल्याला वाटतं, आपणच नाही म्हणून काय मिळवलं? सगळ्यांचं उत्तर एकच असेल तरच ते टिकतं.

आपल्या बजाजनगरकडे पाहू. १९८५ साली वाळूजला मोटारसायकली-स्कूटरींचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानं ही कामगारवस्ती वाढली. मराठवाड्याच्या गावोगावची तरुण जोडपी इथे संसार करतात. पण पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. सुरुवातीची सोनोग्राफी वाळूजला, सातव्या महिन्यापासून तपासणी माहेरच्या तालुक्याला, आणि अडलं तर धाव शहरातल्या घाटीकडे, म्हणजे १९५६ साली निघालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे. या फेऱ्यांत कागद हरवतो. पाळीची तारीख आठवत नाही. मग नव्या डॉक्टरानं आठवडे मोजायचे कशावरून? उशिराच्या सोनोग्राफीवरून काढलेला अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो, आणि ३९ समजून केलेली प्रसूती ३७ चीच निघते. तेव्हा आपल्या भागातला सहकार कागदापासून सुरू झाला पाहिजे.

पाया आपल्याकडे आहेच. केंद्र सरकारचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम डिसेंबर २०१७ पासून सरकारी प्रसूतिकक्षांचा दर्जा तपासतो. खासगी प्रसूतिगृहांसाठी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची ‘मान्यता’ ही १६ कसोट्यांची योजना आहे. यांच्या जोडीला प्रत्येक ठरवलेल्या प्रसूतीचे आठवडे आणि कारण लिहिण्याची, ते महिन्याला एकत्र बसून पाहण्याची शिस्त लावली तर खर्च एका वहीचा. गरज तर आहेच: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा २०.१ होतं, ते २०१९-२१ मध्ये २५.४ झालं. यांतली पुष्कळ गरजेचीही असतील. पण कोणती गरजेची आणि कोणती सोयीची, हे नोंदीवाचून कळायचं कसं?

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. रक्तदाब वाढला, पाणी गेलं, रक्तस्राव झाला, बाळाची वाढ थांबली किंवा हालचाल मंदावली, तर डॉक्टर आधी प्रसूती करा म्हणतील आणि ते ऐकलंच पाहिजे. अशा वेळी ‘दिवस भरू द्या’ म्हणून अडून बसणं जिवावर बेतेल. तसंच तारीख उलटली तर घरी वाट पाहू नये, दाखवायला जावं. आपला मुद्दा फक्त विनाकारण घाईपुरता आहे.

तेव्हा घरच्यांनी इतकं करावं. पाळी चुकली की शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावी. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नये. तिचा कागद माता-बाल संरक्षण कार्डात ठेवावा आणि मुलगी माहेरी निघाली की लुगड्यांच्या आधी ते कार्ड पिशवीत घालावं. डॉक्टरांनी तारीख सुचवली तर नम्रपणे विचारावं, ‘आज किती आठवडे झाले? आणखी थांबलं तर धोका कोणता?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय काढावा. घरात सून असलेल्या आजीबाई तिथे हटकून भेटतात. आणि मुहूर्त काढायचाच असेल, तर तो बारशाचा काढावा.