डीटीपीवाल्यांनो, या कळा माहीत आहेत?

काम घिवलीच्या लग्नपत्रिकेचे असो की बोईसरच्या फ्लेक्सचे, विंडोज १० आणि ११ मधल्या या सोयी वेळ वाचवतात.

■ विंडोज + व्ही : कॉपी केलेले शेवटचे २५ तुकडे समोर येतात (सोय आधी चालू करावी लागते). ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’सारखी रोजची ओळ पिन करून ठेवा, संगणक बंद केला तरी ती राहते.

■ फाँट सापडत नाही? फाइलवर राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. एकाच खात्यात टाकलेला फाँट काही जुन्या सॉफ्टवेअरना दिसत नाही.

■ ₹ : ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्डवर उजवे ऑल्ट + ४.

■ © : ऑल्ट दाबून न्यूमरिक पॅडवर ०१६९. जुन्या बिगर-युनिकोड मराठी फाँटमध्ये मात्र तिथे भलतेच अक्षर उमटू शकते. आधी फाँट बदला.