कुलूपबंद घराचं अंगण

वरंधला आमच्या वाडीत बऱ्याच घरांना वर्षातले दहा महिने कुलूप. मंडळी मुंबईला, गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी एवढंच येणं. किल्ल्या माझ्याकडे. त्यामुळे मे उजाडला की कुणी ना कुणी विचारतंच, "काकी, दारात काय लावू? फार बघावं लागणार नाही असं सांगा."

आमच्याकडे झाड मरतं ते दोन तऱ्हांनी. घाटाच्या पायथ्याला पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात. बुंध्यात पाणी तुंबलं की मूळ कुजतं. तोच पाऊस मुरमाड उतारावरून निघूनही जातो आणि फेब्रुवारीनंतर विहिरीचा तळ दिसायला लागतो. दोन्ही सोसेल तेच आपलं झाड. कुणी नारळ म्हणालं की मी आधी त्यांच्या कौलांकडे बघते. शिवाय त्याला बारमाही पाणी हवं, गेंडा भुंगा आला तर वर चढून बघणारा माणूस हवा.

माझं पहिलं नाव रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं. सदाहरित, मुळं खोल, एकदा लागला की पाणी मागत नाही. फक्त बी रुजवून रोप करू नका. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांच्या रोपांत निम्मी-अर्धी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं 'कोकण अमृता' घ्या, कलमच घ्या. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं, म्हणजे चाकरमानी घरी असतानाच. आमसुलं मात्र पावसाच्या आत वाळवून घ्यायची.

शोभेला सगळ्यांना गुलमोहोर हवा असतो. ते मादागास्करचं झाड, लाकूड ठिसूळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हापासून घराजवळ गुलमोहोर लावा असं मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यापेक्षा ताम्हण लावा. आपल्या राज्याचं फूल, मूळचं ओढ्याकाठचं, पाय ओले राहिले तरी कुरकुर नाही. ऐन उन्हाळ्यात जांभळं होतं. फणस, जांभूळही बिनतक्रार वाढतात, पण घरापासून वीस-पंचवीस फूट लांब.

खरी मेहनत वाचते ती वईमुळे, म्हणजे जिवंत कुंपणामुळे. भात झोडून झालं की गुरं मोकाट सुटतात आणि शेळी तर नवं रोप शेंड्यासकट फस्त करते. निर्गुडी आणि अडुळसा यांना ती तोंड लावत नाही. पहिला पाऊस पडला की हातभर लांब, जाड काड्या वीतभर अंतराने खोचायच्या, आपोआप फुटतात. वर्षातून एकदा, गणपतीला आलात की कोयत्याने छाटा. निर्गुडीचा पाला धान्याच्या कणगीत जातो, अडुळशाचा खोकल्याच्या काढ्यात. काही जण मोगली एरंड लावतात; तोही गुरं खात नाहीत, पण बिया विषारी. सुट्टीत पोरं येणार असतील तर नकोच. वई बांधाची माती धरते, हेही खरं. पण झाडं लावली की दरड थांबते असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २२ जुलै २०२१ ला जवळच तळीयेत डोंगर आला, तो परसातल्या मुळांनी अडणारा नव्हता.

खड्डा मेमध्येच खणा, शेणखत आणि पालापाचोळा भरून ठेवा, रोप जूनच्या पहिल्या पावसानंतर. उतारावर आळं खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखं बांधा, ऐन पावसात त्याला एक वाट मोकळी करून द्या. बुंध्याशी पाला पसरा, जाळू नका. आजूबाजूचं गवत मात्र दिवाळीनंतर कापून टाका, नाहीतर डोंगरावरचा वणवा थेट दारात येतो.

पहिले दोन उन्हाळे पाणी लागतंच, कोणी काही म्हणो. त्यासाठी रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, वर झाकण. आठवड्यातून एकदोनदा भरलं की झिरपत राहतं. ते भरायला मी जाते. त्याचे पैसे आधी ठरवून घेते.