पर्यायी नोकरी : होकार देण्यापूर्वी

कंपनीतील एखादा विभाग बंद होणार, अशी कुजबुज सुरू झाली की व्यवस्थापनाकडून अनेकदा एक प्रस्ताव पुढे येतो : 'तुमचे पद राहणार नाही, मात्र आमच्याच दुसऱ्या कंपनीत जागा आहे. येथे राजीनामा द्या आणि तेथे रुजू व्हा.' घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी डोळ्यांपुढे असलेल्या कर्मचाऱ्याला हा मोठाच आधार वाटतो. परंतु त्यातील 'राजीनामा' हा एक शब्द अनेक वर्षांच्या सेवेचा हिशेब पुसून टाकू शकतो.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ ची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. या संहितेनुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून देणे मालकावर बंधनकारक आहे. स्वेच्छेने सोडलेली नोकरी मात्र कायद्याच्या दृष्टीने कपात नव्हे.

दरमहा २६ हजार रुपये वेतन आणि १२ वर्षांची सेवा असलेल्या कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याची कपात झाल्यास भरपाई सुमारे १ लाख ५६ हजार रुपये होते. ग्रॅच्युइटीचे १ लाख ८० हजार रुपये त्याला राजीनामा दिला तरी मिळतात. भरपाईवर मात्र पाणी सोडावे लागते. नव्या कंपनीत त्याची सेवा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. तेथे वर्षभरात पुन्हा गंडांतर आले, तर आधीची १२ वर्षे जमेस धरली जात नाहीत.

प्रस्ताव कोणता, हे ओळखा

त्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेत पाठवले जात असेल, तर ती बदली ठरते. नेमणूकपत्रात बदलीची अट असल्यास नकार अंगाशी येऊ शकतो. आस्थापना दुसऱ्या मालकाकडे गेली, सेवा अखंड राहिली, अटी पूर्वीपेक्षा कमी लाभाच्या नसल्या आणि पुढे कपात झाल्यास जुन्या सेवेसह भरपाई देण्याचे दायित्व नव्या मालकाने घेतले, तर हस्तांतरणापोटी भरपाई मिळत नाही. ले-ऑफ, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते बसवून ठेवणे, ही बाब वेगळी. त्या काळात त्याच मालकाने जवळपास, नेहमीच्याच वेतनावर, विशेष कौशल्य न लागणारे काम देऊ केले आणि ते नाकारले, तर ले-ऑफची भरपाई बुडते.

या तरतुदींचे संरक्षण सर्वांना नाही. व्यवस्थापकीय पदावरील कर्मचारी आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत. त्यांची भिस्त मुख्यत्वे नेमणूकपत्रातील अटींवर आणि वाटाघाटींवर असते.

सही करण्यापूर्वी

जुनी सेवा अखंड धरली जाणार का, हे नव्या नेमणूकपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करता येत नाही. सेवा अखंड धरली जाणार नसेल, तर राजीनाम्याऐवजी कपातीचे पत्र आणि भरपाई मागावी व मगच नवी नोकरी पत्करावी. एकूण पगाराच्या आकड्यावर न जाता मूळ वेतन, कामाची मुदत आणि प्रवासाचा वेळ यांची तुलना करावी. भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा, कारण निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते.

नकार दिला म्हणजे सारे संपले, असेही नाही. कपातीनंतर वर्षभरात त्याच मालकाने भरती केल्यास कपात झालेल्या कामगारांना प्राधान्य द्यावे लागते. घरखर्च चालवण्याजोगी शिल्लक गाठीशी नसेल, तर हाती आलेली नोकरी स्वीकारणे शहाणपणाचेच. मात्र त्यासाठी जुन्या सेवेवरचा हक्क सोडण्याचे कारण नाही.