दिवाळखोरीच्या वकिलाकडे पहिल्यांदाच जाताय? आधी ही फाइल तयार करा

हप्ते थकलेत, वसुलीचे फोन थांबत नाहीत आणि घरी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. अशा वेळी वकिलाची पहिली भेट महत्त्वाची असते. पण तयारी नसेल, तर ती ‘एकूण देणं किती?’ हे शोधण्यातच संपते.

कर्ज नक्की कुणाच्या नावावर?
वकील हे आधी विचारतील, कारण त्यावर कायदा ठरतो. कंपनीला २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल, तर १ डिसेंबर २०१९ पासून हमीदारालाही तीच लागू आहे. इतर व्यक्तींसाठी मात्र मुंबईत १९०९ चा आणि जिल्ह्यांत १९२० चा जुनाच कायदा चालतो.

सोबत काय न्याल?
• देण्यांची यादी : बँक, क्रेडिट कार्ड, लोन ॲप, पतसंस्था, भिशी, हातउसने. प्रत्येकापुढे रक्कम, तारण आणि जामीनदार लिहा.
• क्रेडिट रिपोर्ट : वर्षातून एकदा मोफत मिळतो. हातउसने त्यात दिसत नाहीत.
• नोटिसा, पाकिटासकट : नोटीस कधी मिळाली, यावर मुदत ठरते. चेक बाउन्सच्या नोटिशीनंतर पैसे भरायला १५ दिवस असतात, तारण कर्जाच्या सरफेसी नोटिशीला ६० दिवस.
• वर्षभराचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिप किंवा आयटी रिटर्न, घर-जमिनीचे कागद.

हे करू नका
फ्लॅट घाईघाईने भावाच्या किंवा बायकोच्या नावावर करू नका. १९२० च्या कायद्यानुसार अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं असं हस्तांतर रद्द होऊ शकतं. एकाच सावकाराला झुकतं माप देऊन तीन महिन्यांत पैसे चुकवले, तर तेही तपासलं जातं. आधीच केलं असेल, तर लपवू नका. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला गुप्त ठेवावं लागतं.

हे नक्की विचारा
• दिवाळखोरीऐवजी तडजोड किंवा हप्त्यांची फेररचना शक्य आहे का?
• काय वाचेल? दिवाणी कायद्यानुसार कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं, पीएफ आणि मंगळसूत्रासारखे दागिने जप्त होत नाहीत. तारण ठेवलेल्या घराचं गणित मात्र वेगळं असतं.
• चेकचा खटला सुरू असेल, तर त्याचं काय होणार?
• अर्जापासून निकालापर्यंत एकूण फी किती?

फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

जामीनदाराला विसरू नका
न्यायालयाने तुम्हाला कर्जातून मुक्त केलं, तरी जामीनदार सुटत नाही. सही करणारा मित्र असो वा मेहुणा, त्याला हे नोटिशीतून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.