मतपेटी आणि हुंडणावळ

निवडणुकीचा कौल राज्यकर्ते ठरवितो, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. परंतु परदेशीं राहणाऱ्या मनुष्याचा वाणसामानाचा खर्चहि तोच कौल वाढवूं किंवा घटवूं शकतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ब्रिटनचें उदाहरण पाहिलें म्हणजे हा संबंध उलगडतो.

स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर निवृत्त इंग्रज मोठ्या संख्येनें राहतात. त्यांचें निवृत्तिवेतन पौंडांत येतें, खर्च मात्र युरोंत होतो. २३ जून २०१६ रोजीं ब्रिटनमध्यें युरोपीय संघांत राहावें कीं नाहीं यावर सार्वमत झालें आणि ५१.९ टक्के मतें संघ सोडण्याच्या बाजूनें पडलीं. निकाल हातीं येण्यापूर्वीं दीड डॉलरला पोंचलेला पौंड दुसऱ्या दिवशीं १.३२ डॉलरपर्यंत घसरला. १९८५ नंतर इतका खालचा भाव आला नव्हता. युरोच्या हिशेबानें तोच पौंड सुमारें १.३० वरून १.२३ वर आला. ज्या वृद्धाचें वेतन ८०० पौंड, त्यास आदल्या दिवशीं १०४० युरो मिळाले असते, ते आतां ९८४ झाले. वेतनांतून एक पेनीहि कमी न होतां घरांतले ५६ युरो नाहींसे झाले!

असें कां व्हावें? नाणें हीहि एक खरेदीविक्रीची वस्तु आहे, आणि बाजार आजच्या स्थितीपेक्षां उद्यांच्या अपेक्षेवर भाव बांधतो. ब्रिटन संघांतच राहील हा अदमास भावांत अगोदरच धरलेला होता. तो चुकतांच व्यापार, भांडवल व व्याज यांचे हिशेब नव्यानें मांडावे लागले. ४ ऑगस्ट रोजीं बँक ऑफ इंग्लंडनें व्याजाचा दर ०.५० वरून ०.२५ टक्क्यांवर आणला. जेथें व्याज कमी, तेथें ठेवी ठेवण्याची ओढहि कमी.

यावरून दिसेल कीं, कोण जिंकलें याइतकेंच तें अपेक्षित होतें काय आणि पुढील कारभार स्थिर राहील काय, यांस महत्त्व असतें. जून २०१७ च्या निवडणुकींत कोणासच बहुमत मिळालें नाहीं, तेव्हां पौंड सुमारें दोन टक्क्यांनीं उतरला. डिसेंबर २०१९ मध्यें स्पष्ट बहुमत मिळतांच तो चढला.

या चढउताराची झळ महाराष्ट्रांतील घरांपर्यंतहि पोंचते. सार्वमतापूर्वीं पौंडास १०० रुपयांच्या आसपास मिळत. जुलै २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यांत भाव ९० च्याहि खालीं गेला. लंडनहून पुण्यास आईवडिलांकडे पैसे धाडणाऱ्या मुलाची त्यांत हानि झाली. उलट, येथून रुपये भरून तेथें शिकणाऱ्या मुलाच्या वडिलांस फी स्वस्त पडली. हुंडणावळींत एकाचा तोटा तो दुसऱ्याचा लाभ असतो.

निकालाचें भाकीत करून सगळी रक्कम एका दिवसावर लावणें हा जुगार होय. ज्याला ठराविक तारखेस पैसे पाठवावयाचे आहेत, त्यानें ते हप्त्याहप्त्यानें पाठवावे, किंवा बँकेशीं आगाऊ दराचा करार करावा. त्यानें मोठा लाभ कदाचित् हुकेल. पण मतमोजणीच्या रात्रीं झोंप तरी लागेल.