घन-अवस्था संचायकाचे अनुकरण
घन-अवस्था संचायकाचे अनुकरण : एकाच भौतिक संगणकावर अनेक आभासी संगणक चालविताना त्यांपैकी एखाद्यास जोडलेली आभासी तबकडी ही घन-अवस्था संचायक, म्हणजेच एसएसडी, असल्याचे भासविण्याची योजना. भौतिक संगणकास यजमान व त्यावरील आभासी संगणकास अतिथी म्हणतात. या संज्ञेत दोन भिन्न गोष्टी मोडतात : संचायकाचा केवळ प्रकार जाहीर करणे आणि त्याच्या वर्तनाचेही अनुकरण करणे.

पार्श्वभूमी : आभासी तबकडीची कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या व्हीएम/३७० या प्रणालीत (१९७२) एका खऱ्या तबकडीचे भाग पाडून ते निरनिराळ्या आभासी संगणकांना स्वतंत्र तबकड्या म्हणून देत असत. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय तबकडीच्या एका फेऱ्यास सु. ८·३ मिलिसेकंद लागतात; त्यामुळे हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यास सरासरी सु. ४·२ मिलिसेकंद जातात. शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. घन-अवस्था संचायकात फिरणारा भाग नसतो. त्यातील नँड प्रकारच्या फ्लॅश स्मृतीत माहिती पृष्ठशः लिहिली जाते, परंतु पुसावयाची झाल्यास अनेक पृष्ठांचा संपूर्ण गट पुसावा लागतो व अशा पुसण्यांची संख्या मर्यादित असते. म्हणून परिचालन प्रणाली या दोन प्रकारांना वेगवेगळी वागणूक देते.

प्रकार जाहीर करणे : एटीए मानकानुसार तबकडी आपली ओळख सांगताना २१७ क्रमांकाच्या शब्दात फिरण्याची गती नमूद करते, तेथे १ हे मूल्य असल्यास ती फिरत नाही असा अर्थ होतो. स्कझी मानकातही अशीच सोय आहे. फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेल्या क्वेमू (२००३) या आज्ञावलीत हे मूल्य आभासी तबकडीस देता येते. प्रॉक्समॉक्स या यजमान प्रणालीतील पर्याय याच सोयीवर आधारलेला आहे. प्रत्यक्षात माहिती कोणत्या माध्यमावर आहे, याची शहानिशा केली जात नाही आणि केवळ या घोषणेने माध्यमाचा वेगही वाढत नाही.

परिणाम : घोषणा वस्तुस्थितीशी जुळणे हिताचे असते. खरे माध्यम फ्लॅश असून अतिथीस ते फिरते वाटल्यास तो विखुरलेल्या फायली सलग करीत राहतो व स्मृतिकोश विनाकारण झिजतात. उलट खरे माध्यम चुंबकीय असताना ते घन-अवस्थेचे दाखविल्यास अतिथी ही आवश्यक मांडणी टाळतो. लिनक्समधील बीटीआरएफएस या फाइल व्यवस्थेच्या साधनांत ५·१५ आवृत्तीपूर्वी (२०२१) एकाच न फिरणाऱ्या तबकडीवर व्यवस्थापकीय माहितीची एकच प्रत ठेवली जाई, तर फिरणाऱ्या तबकडीवर दोन. म्हणजे केवळ एका चुकीच्या अंकामुळे दुसरी, संरक्षक प्रत नाहीशी होत असे. वापरात नसलेली जागा यजमानास परत कळविणे ही याहून वेगळी क्रिया असून तिला स्वतंत्र परवानगी द्यावी लागते. मात्र काही परिचालन प्रणाली तबकडी घन-अवस्थेची दिसल्यावरच असा संदेश धाडतात.

वर्तनाचे अनुकरण : संशोधनात एवढ्याने भागत नाही. नव्या रचनेचा संचायक प्रत्यक्ष बनविण्यापूर्वी तो कसा वागेल हे पाहावे लागते. क्वेमूवर आधारित फेमू (२०१८) या साधनात माहिती यजमानाच्या प्राथमिक स्मृतीत ठेवतात. प्रत्येक विनंतीसाठी कोणती चिप व कोणता मार्ग किती काळ व्यग्र राहील याचे गणित मांडून तेवढ्या विलंबानेच काम पूर्ण झाल्याची सूचना दिली जाते. येथील खरी अडचण काळाची आहे. फ्लॅशमधून वाचन काही दशक मायक्रोसेकंदांत होते, तर अतिथीकडून यजमानाकडे नियंत्रण जाण्यातच वेळ खर्च होऊन मोजमाप बिघडू शकते. म्हणून फेमूमध्ये यजमानाचा एक धागा विनंत्यांच्या रांगा सतत स्वतःच तपासत राहतो. एनव्हीएमईव्हर्ट (२०२३) हे साधन लिनक्सच्या गाभ्यातच बसविले जाते. त्यामुळे आभासी संगणकाविनाही अनुकरण शक्य होते.

माहिती प्राथमिक स्मृतीत असल्याने अशा संचायकाची धारकता त्या स्मृतीएवढीच मर्यादित राहते व वीज गेल्यास माहिती नष्ट होते. म्हणून ही साधने प्रयोगासाठी उपयुक्त असली, तरी माहिती जतन करण्यासाठी त्यांवर विसंबता येत नाही.