दूध पिणाऱ्या वासराची जीवनसत्त्वे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक गोठ्यांत गव्हाणीत असतो तो ज्वारीचा कडबा, नाहीतर सोयाबीन-तुरीचे कुटार. घाटाखालची पूर्णाथडी म्हैस असो की घाटावरची गावरान गाय, गाभणपणाचे शेवटचे महिने निव्वळ अशा चाऱ्यावर गेले, तर त्याचा फटका दूध पिणाऱ्या पिल्लाला बसतो.

गैरसमज: जार पडल्याशिवाय चीक पाजू नये, जास्त पाजला तर हगवण लागते.
वस्तुस्थिती: अ आणि ई ही जीवनसत्त्वे आईच्या पोटात पिल्लाला फारच थोडी मिळतात. ती मिळतात चिकातून. रोगाशी लढणारी द्रव्येही चिकातूनच येतात, आणि ती शोषण्याची आतड्याची क्षमता २४ तासांत जवळपास संपते. म्हणून जारेची वाट न पाहता तासा-दोन तासांत पहिला चीक पाजावा. दिवसभरात वजनाच्या किमान दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक थोडा थोडा करून द्यावा. हगवणीमागे बहुतेकदा अस्वच्छता आणि जंतू असतात.

गैरसमज: म्हशीचे दूध पांढरे, म्हणजे त्यात अ जीवनसत्त्व नाही.
वस्तुस्थिती: गाईच्या दुधाचा पिवळेपणा कॅरोटीनचा असतो. म्हैस आणि शेळी चाऱ्यातल्या कॅरोटीनचे जवळजवळ सगळे अ जीवनसत्त्व करून टाकतात, म्हणून त्यांचे दूध पांढरे दिसते. आईला हिरवा चारा किती मिळाला, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

गैरसमज: रवंथ करणाऱ्या जनावराला ब जीवनसत्त्वे बाहेरून लागतच नाहीत.
वस्तुस्थिती: मोठ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव ती तयार करतात. नवजात वासराचे ते पोट अजून कामाला लागलेले नसते; तोवर त्याला दुधाचाच आधार.

गैरसमज: रक्त तपासले की गरज कळते.
वस्तुस्थिती: अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि तो आटत येईपर्यंत रक्तातले प्रमाण फारसे घसरत नाही. म्हणून संशोधकांनी वासरांना ठरावीक मात्रा देऊन यकृतातला साठा आणि मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब मोजला. हा वाढलेला दाब कमतरतेच्या पहिल्या खुणांपैकी एक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ साली वासरांच्या दूधपर्यायी खाद्यासाठी, दर किलो शुष्क भागामागे, अ ९,०००, ड ६०० आणि ई ५० आंतरराष्ट्रीय एकके अशी शिफारस केली.

गैरसमज: टॉनिक जितके जास्त, तितके चांगले.
वस्तुस्थिती: अ आणि ड शरीरात साठत जातात आणि अतिरेक झाला तर अपाय करतात. मात्रा पशुवैद्यकालाच ठरवू द्या.

पशुपालकांनो, गाभण जनावराला शेवटचे दोन महिने मका, लसूणघास किंवा शेवरी, जे हिरवे मिळेल ते रोज थोडे तरी द्या. आणि खरवसासाठी चीक काढण्याआधी वासराचे पोट भरू द्या.